नेव्हेनाने सही केली नाही

नेव्हेना फटकळ होती, आणि त्याची तिला लाज नव्हती. बल्गेरियातल्या डोंगरपायथ्याच्या एका मेंढी संशोधन केंद्रात ती रक्त तपासायची. आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल मेंढीच्या शिरेत सोडलं की रक्तातलं वाढीचं हार्मोन चढतं, हे तिने स्वतः तपासून पाहिलं होतं. संचालक ल्युबेनसाहेबांनी लगेच आर्जिनिनची खाद्यात मिसळायची पावडर काढली. पण पावडर चारल्यावर हार्मोन जागचं हललं नाही. मेंढीच्या पोटातले जंतूच ती आधी फस्त करत होते.

"पावडरीने मेंढ्या वाढतात, एवढं अहवालात लिही आणि सही ठोक," साहेब म्हणाले.

"शिरेतलं यश पोटाच्या नावावर खपवू नका. मी सही करणार नाही."

साहेबांनी तिला मेंढवाड्यात लेंड्या काढायला धाडलं. आठवड्यात रडत येईल, असं त्यांना वाटलं. ती रबरी बूट चढवून गेली आणि तिथेच ठाण मांडून राहिली.

संत जॉर्जच्या सणाला केंद्रात कोकरं भाजली होती. गावोगावचे मेंढपाळ जेवायला आले होते आणि साहेब त्यांना पावडरीची पुडकी विकत होते. नेव्हेना लेंड्यांनी माखलेल्या बुटांसकट मांडवात आली आणि पंगतीत बसली. शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने पुडकं दाखवून विचारलं, "काय गं पोरी, याने खरंच वाढ होते का?"

साहेबांनी डोळे वटारले.

"होते की आजोबा," पाव मोडत ती म्हणाली. "मेंढीच्या पोटातल्या जंतूंची होते. आणि आमच्या साहेबांच्या पोटाची."