ओपन डे आणि शेणकाला

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी नारायणगावजवळच्या एका टेक्निकल हायस्कूलमध्ये इलेक्ट्रिकलचा निदेशक म्हणून लागलो. अकरावीला पोरं मिळेनात, म्हणून मुख्याध्यापकांनी टूम काढली: दहावीची परीक्षा संपली की पालकांना बोलवायचं आणि वर्कशॉप दाखवायचं. त्याला ते 'ओपन डे' म्हणत. पुण्यात कुठंतरी त्यांनी तसं पाहिलं होतं.

तयारी म्हणजे रंग. हिरव्या ऑइलपेंटवर त्यांची फार श्रद्धा. लेथ हिरवा, ड्रिलिंग मशीन हिरवं, टेबलावरचा, वस्तू आवळून धरायचा व्हाइस हिरवा. व्हाइसचे जबडे रंगात असे चिकटले की हातोडीनं ठोकूनही सुटेनात. मी तक्रार केली तर म्हणाले, "दाखवायचाय ना? मग उघडायचा कशाला?"

शेजारच्या वस्तीवरच्या म्हशी आमच्या मैदानात चरायच्या. त्यांना हाकलून, सगळं शेण कुंपणापलीकडं टाकून तिथं पांढरी फक्की मारली. आवारात शेणाचा ठिपकाही दिसता कामा नये, असा शिपायाला लेखी हुकूम होता.

माझ्याकडं पाण्याचा पंप होता. टाकीतलं पाणी ओढून नळीवाटे लांब उडवायचं. पोरांनी उत्साहात पंप तर रंगवलाच, टाकीत बुडणारा फूटव्हॉल्वही रंगवला, म्हणजे ओढलेलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप. मी पाहिलं आणि गप्प बसलो, कारण दिसत छान होता. पंप मी डिप्लोमाला फळ्यावर पुष्कळ शिकलो होतो. विहिरीवर मात्र एकदाही चालवला नव्हता.

त्या सकाळी जीपा भरभरून पालक आले, जुन्नरकडचे, आंबेगावकडचे. मुख्याध्यापक पांढऱ्या सफारीत पंपासमोर उभे राहिले आणि 'आधुनिक तंत्रज्ञान' या विषयावर बोलू लागले. त्यांनी खूण केली. मी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पण पाणी येईना. बंद केली, पंपात पाणी ओतलं, पुन्हा लावली. नळीतून फक्त फुस्स.

पालकांत एक बाई होती. टोमॅटो तोडून तिची बोटं काळी-हिरवी झालेली, सोबत दहावीतली लेक. ती म्हणाली, "मास्तर, फुटबॉल गळतोय."

मुख्याध्यापक हसले. "ताई, खेळांचं नंतर बघू, मैदानावर."

आमच्याकडं फूटव्हॉल्वला फुटबॉलच म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? बाई थेट पुढं आली, पंपाचं झाकण काढून बघितलं. ओतलेलं पाणी खाली टाकीत निसटून गेलं होतं. रंगाच्या गोळ्यामुळं व्हॉल्वची झडप नीट बसत नव्हती.

"शेण हाय का वाईच?" तिनं विचारलं.

अख्ख्या वर्षात पहिल्यांदाच आमच्याकडं ते नव्हतं. शिपाई मुख्याध्यापकांकडं बघायला लागला. त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण तोवर बाईची लेक कुंपणापलीकडं जाऊन ओंजळभर घेऊन आलीसुद्धा. बादलीत शेण कालवलं, ते पंपात ओतलं. झडपेच्या फटी बुजल्या, पाणी ठरलं.

"सायेब, जरा बाजूला व्हा," बाई म्हणाली.

"चालू द्या, चालू द्या," मुख्याध्यापक म्हणाले आणि नळीसमोरून हलले नाहीत.

मी बटण दाबलं. आधी शेणकाला आला. सगळा त्यांच्यावर. मागून स्वच्छ पाण्याची धार आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नक्की कुणासाठी होत्या, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मला हसू आवरेना, आणि शरमही वाटत होती. चूक माझी होती.

चष्मा पुसत असलेल्या मुख्याध्यापकांना बाईनं विचारलं, "हितं पोरींना घेता का?"

"मुलींसाठी टायपिंग सुरू करायचा विचार आहे."

"टायपिंग नाय. ह्ये. घरची मोटर हीच बघती."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी माहितीपत्रक चाळलं. मुलींना घेऊ नये असं कुठंच लिहिलं नव्हतं, एवढंच की आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी फॉर्म दिला. लेकीनं तिथंच बाकावर बसून भरला. बाकाचा रंग अजून ओला होता, त्यामुळं तिच्या ड्रेसला हिरवा पट्टा लागला.

जूनमध्ये ती आली, वर्गातली एकुलती एक मुलगी. पहिल्या महिन्यात दोनदा रडली. तिसऱ्यांदा एका पोरानं तिच्या वायर जोडण्याची टिंगल केली, तेव्हा पक्कड त्याच्या हातात देऊन म्हणाली, "तू जोड की मग." त्याला जोडता आलं नाही. त्यानंतर ती रडल्याचं मला आठवत नाही.