मावशी गॅरेजमध्ये जातात तेव्हा

अमेरिकेच्या मुली जिम्नॅस्टिक्समध्ये जगात पुढे आल्या, त्याचं श्रेय कुणी त्यांच्या कोचना देतं, कुणी आईबापांना. साफ चूक. ते श्रेय इथे अमेरिकेत, हर्नडन गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींचं आहे, आणि त्यातला मोठा वाटा त्यांच्या गॅरेजचा. मावशी लग्न होऊन या देशात आल्या तेव्हा पदकं पूर्व युरोपातल्या मुली घेऊन जायच्या आणि अमेरिकेच्या मुली बाजूला उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. मावशींना ते बघवेना. त्यातच त्यांच्या लक्षात आलं, की बीमवरची, म्हणजे त्या वीतभरही रुंद नसलेल्या उंच पट्टीवरची मुलगी त्यांनी टीव्हीवर बघितली की पडतेच. झालं! तेव्हापासून अमेरिकेची मुलगी बीमवर चढली की मावशी गॅरेजमध्ये जाऊन कणकेच्या पोत्यावर बसायच्या. मी शेजारी राहायला आल्यापासून निकाल कळवायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी टिकली तर दारावर एकदा टकटक, पडली तर दोनदा. बीम पूर्ण आटपल्याशिवाय मावशी आत येत नसत. एकदा मी म्हटलं, "मावशी, स्पर्धा सकाळीच संपलीय. आता रेकॉर्डिंग दाखवतायत. आपल्या मुली जिंकल्यासुद्धा!" मावशी स्वेटर चढवत म्हणाल्या, "असू दे रे. माझ्यामुळे उगाच काही बदलायला नको."

क्रिकेटमध्ये 'आपले' म्हणजे भारत आणि जिम्नॅस्टिक्समध्ये 'आपल्या' म्हणजे अमेरिका, यात मावशींना काहीच खटकत नाही. साऱ्या चॅम्पियन मुलींच्या त्या मनाने आईच झालेल्या आहेत. कुणी हवेत गिरक्या घेत असली की यांचं सुरू, "अरे, एवढं उडायचं म्हणजे पोटात काहीतरी नको का? वरणभात तरी कुणी घालत असेल का तिला?" बाकी परीक्षक म्हणून त्या कडक. गेल्या हिवाळ्यात मी आमच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरलो, दोन्ही हात पसरून कसाबसा उभा राहिलो, तर खिडकीतून आवाज आला, "छान! पण शेवटी पाऊल हललं हं!" मग बाहेर येऊन त्यांनीच माझ्या घोट्याला बाम चोळला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यांच्या नातीनेच घोळ केला. ती गावातल्या एका क्लासला जाते. तिची पहिली स्पर्धा ठरली तशी आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, यू हॅव टू वॉच माय बीम. नो गॅरेज. प्रॉमिस?" मावशींनी प्रॉमिस केलं आणि आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही.

मीच त्यांना ड्राइव्ह करून घेऊन गेलो. नात बीमवर चढली, तिने आधी आजीला शोधलं. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं, पण डोळे मिटले नाहीत. पोर वळली, डुगडुगली आणि खाली पडली. "बघितलंस? माझ्यामुळे," म्हणत मावशी निघायला उठल्या. तेवढ्यात नातीने हात झटकले, ती परत वर चढली, राहिलेलं सगळं केलं आणि उडी मारून दोन्ही हात वर करून हसली. मावशी अर्धवट उभ्याच होत्या.

"अरे, पडल्यावर परत चढू देतात?"

"देतात की, मावशी. सगळ्याच चढतात."

"तू तर फक्त दोनदा टकटक करायचास," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर गाडीत हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतक्या वर्षांत ज्या ज्या पोरी पडल्या, त्या सगळ्या परत चढल्या असतील. आणि मी गॅरेजमध्ये."

परवा पुन्हा मोठी स्पर्धा होती. अमेरिकेची मुलगी बीमवर चढली आणि मी सवयीने गॅरेजच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मागे वळून बघतो तर मावशी सोफ्यावरच. मुलगी पडली. मावशी पुढे सरकून टीव्हीला म्हणाल्या, "चढ गं बाळा. मी आहे इथेच."

माझं टकटक करायचं काम त्या दिवशी गेलं. खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं. मी दारापासून परत आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.