मामांचे चाळीस

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आमच्या कामतघरहून त्यांच्या दिघाशी गावापर्यंत माझ्या सख्ख्या सासऱ्यांचा पाठलाग केला. हेल्मेट घालून, मध्ये दोन टेम्पो राहतील इतकं अंतर ठेवून...

कारण साधं होतं. सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, वय बहात्तर, दर रविवारी मोटारसायकलवरून लेकीकडे येतात. पिशवीत वालाच्या शेंगा नाहीतर भेंडी आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "चालीसच्या वर न्हाय नेली." आणि दर वेळी आमच्या अंदाजापेक्षा बरेच आधी दारात हजर! बायकोला शंका आली. मला तर शंका यायला कारणही लागत नाही. मी पूर्ण्याला गोदामात माल तपासतो. खोक्यावर लिहिलेलं आणि खोक्यात असलेलं एकच असतं, यावर माझा विश्वास नाही.

त्यात त्याच आठवड्यात मी स्पीडोमीटरचा अभ्यास केला होता. हँडलला फोन लावून बघितलं तर माझं मीटर साठ म्हणतं, जीपीएस म्हणतो पंचावन्न. चार मित्रांच्या गाड्या तपासल्या, थोड्याफार फरकाने तेच. कंपन्या म्हणे मुद्दामच मीटर जरा जास्त दाखवणारं बनवतात, कमी दाखवलेलं चालत नाही. म्हणजे मी स्वतःला समजत होतो त्यापेक्षा आयुष्यभर हळूच होतो. बायको म्हणाली, हे तिला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं.

असो. सिद्धांत पक्का झाला. मीटर जास्त सांगेल, कमी कधीच नाही.

आता मामांच्या मागे माझा फोन पंचावन्न दाखवत होता. खड्डे आले तेव्हाच काय तो खाली उतरला. दिघाशी आली तशी मी पुढे जाऊन त्यांना थांबवलं आणि विचारलं, मामा, स्पीड किती होता? त्यांनी आधी घरी सगळे बरे आहेत ना, ते विचारून घेतलं. मग माझ्या डोळ्यांत बघून शांतपणे म्हणाले, "चालीस."

इतक्या सफाईने खोटं बोलणारा माणूस मी गोदामातसुद्धा पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी बायकोने चावी काढून घेतली. या वयात हा वेग, वर खोटेपणा... मामांनी वाद घातला नाही. शेतावर, दवाखान्यात कसा जाऊ, एवढंच विचारलं. तिने रडत रडत सांगितलं, चालत जा, पण जिवंत राहा. मी त्यांना रिक्षाने सोडून आलो. नंतरचे दोन रविवार ते आलेच नाहीत. फोनवर "बरा हाय" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

गाडी आमच्या दारात उभी. बॅटरी उतरू नये म्हणून मी एक चक्कर मारायला काढली आणि सवयीने फोन लावला. मीटर चाळीस, फोन पंचावन्न.

आधी मला फोनचा संशय आला. बायकोचा फोन लावला, तोही पंचावन्नच. मग आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने पुढचं चाक खोललं. चाकाबरोबर फिरून मीटरची केबल फिरवणारी एक छोटी गरारी असते, ती दुसऱ्याच मॉडेलची निघाली. दात वेगळे, म्हणून काटा मागे. मी तावातावाने विचारलं, कोणत्या गाढवाने बसवली ही? तो हात पुसत म्हणाला, "मैंने. दिवाली में आप ही लाए थे गाड़ी. मैं बोला ओरिजिनल कल आएगी, आप बोले कौन रुकेगा, जो है लगा दे."

मला आठवलं. मामांना कुठे रेस लावायची आहे, असंही मीच वर म्हणालो होतो.

नवी गरारी बसवली आणि त्याच गाडीवरून दिघाशीला गेलो. चावी मामांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. बोलणी खायची तयारी होती. त्यांनी वाकून मीटर बघितलं. मग म्हणाले,

"मंजे माझी नजर बरी हाय. मला वाटला, वय झाला म्हनून झाडा भरभर मागं जातात."

आम्ही दोघं मामांवर संशय घेत होतो, मी तर फोनवरही घेतला. आणि हा माणूस इतके महिने फक्त स्वतःवर घेत होता... आम्हाला न सांगता.

रविवारी मामा आले, खऱ्या चाळीसने. लेकीसाठी आणलेली चुलीवरची भाकरी वाटेतच थंड झाली, अशी तक्रारही केली. लेकीला एवढंच सांगितलं की मीटर खराब होतं. कोणामुळे, ते त्यांनी पोटात ठेवलं. तेवढं मी इथे लिहून टाकतोय... बायको हे माझ्या तोंडून ऐकण्याआधी वाचेल, एवढीच भीती.