पाहुणीची चूक

सीरियाच्या ईशान्येला, कुर्दांच्या मुलखात, देरिक शहराजवळच्या एका गावात खजालआईला उलट उत्तर देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. साठी उलटली, गुडघे दुखतात, पण तोंड काही दुखत नाही. गावाचा कारभार गावानेच चालवायचा ठरला, तेव्हा रीतीप्रमाणे एक बाई आणि एक पुरुष असे दोन अध्यक्ष निवडले गेले. बाई म्हणजे खजालआई. पुरुष म्हणजे सिलो, तो बिचारा आठ वर्षं नुसती मान डोलावतोय.

ती गप्प बसते ती फक्त एका बैठकीत. आठवड्याचं काम उरकलं की सगळे गोल करून बसतात आणि ज्याचं जे चुकलं ते त्याच्या तोंडावर सांगतात. ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याने उत्तर द्यायचं नाही. हा नियम खजालआईला भारी जड जातो. ओठ आवळून जपमाळ ओढत बसते.

गेल्या वसंतात तिच्या घरी नेकाने नावाची पोर राहायला आली, स्पेनमधल्या बास्क मुलखातली. तिकडे तिच्या गावाने कुर्दांसाठी मोर्चे काढले होते. हिला तेवढ्याने चैन पडेना, म्हणून इथल्या सामायिक भाजीमळ्यात राबायला थेट येऊन धडकली. खजालआईचा जीव जडला. जगात आपल्याला कुणी विचारत नाही असं धरून जिचं आयुष्य गेलं, तिच्या दारात परक्याची लेक एवढ्या लांबून आलेली. तिला काम कसं सांगायचं? नेकानेने बादली उचलली की ही हिसकावून घ्यायची. तंदूरमधून निघालेली पहिली रोटी नेकानेची, पाठीमागची जाड उशीही तिचीच.

"बस गं पोरी. चहा घे."

दोन महिने नेकानेने चहा घेतला. मग एका बैठकीत ती मोडक्यातोडक्या कुर्दीत बोलली, "खजालआई मला काम करू देत नाही. इथे सगळ्यांच्या चुका निघतात, माझी कुणी काढत नाही. म्हणजे मी तुमच्यातली नाहीच. असंच चालायचं असेल तर मी घरी परत जाते."

खजालआईच्या ओठांवर दहा उत्तरं आली, पण नियम आडवा आला. बैठक संपल्यावर सगळा राग सिलोवर निघाला.

"तू तरी काढायचीस की तिची एखादी चूक."

"पाहुणीची? मला जिता सोडलं असतंस तू, खजाल?"

खजालआई तरातरा घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने नेकानेच्या हातात फावडं दिलं. आठवडाभर बांधावर बसून बघत राहिली. उठून ते फावडं काढून घ्यावं, असं तिला शंभरदा वाटलं.

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली. "मला नेकानेबद्दल बोलायचंय."

सगळे चपापले. सिलोने चहाचा पेला खाली ठेवला.

"वांग्यांना इतकं पाणी पाजते की मुळं कुजतील. खुराड्याचं दार उघडं टाकते, दोन कोंबड्या कोल्ह्याने नेल्या. आणि आईचा फोन येऊन गेला की गोठ्यामागे जाऊन रडते. विचारलं तर म्हणते, डोळ्यात धूळ गेली. चार लेकी वाढवल्यात मी, मला धूळ शिकवते. घरात मी असताना एकटीने रडायचं, ही सगळ्यात मोठी चूक. ही मी खपवून घेणार नाही."

नेकानेला उत्तर द्यायची मुभा नव्हती. ती उठली, खजालआईला खेटून बसली आणि सगळ्यांदेखत रडली.