नजीरसरांनी अप्पांना मैदानात आणलं

नजीरसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर पोरींवर ओरडत होते. सर असते तर म्हणाले असते, "रडायचं ते सराव झाल्यावर!" म्हणून सराव पुरा केला आणि मग पोटभर रडले. त्याला आता महिना होत आला...

सर धंद्यानं शिंपी, पण जीव सगळा खो-खोत. अप्पा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन त्यांच्याकडं सदरा शिवायला गेले होते. मी पायऱ्या दोन-दोन गाळत उतरले, आणि सरांनी माप अप्पांचं घेऊन निवडलं मला! कॉलेजपर्यंत खेळले. अप्पांची हरकत नव्हती. ९८ साली बी.ए. झाले आणि म्हटलं, बी.पी.एड. करते, मला कोच व्हायचंय. झालं! अप्पांची शाहूपुरीत गुळाची पेढी, माणूस तापट. "पोरीनं जन्मभर शिट्ट्या मारत हिंडायचं व्हय? बँकेच्या परीक्षा दे गप!" अव्वा, म्हणजे माझी आई, मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मी रडत सरांकडं गेले. माझा सगळा जन्मच पणाला लागला होता हो, आणि सर हसत होते.

"थांब की जरा. भांडून ऐकणारा माणूस न्हाय त्यो."

त्यांनी धाकट्या पोरींचा संघ माझ्या हवाली केला, पेठ वडगावच्या पोरींशी सराव सामना ठरवला आणि थेट पेढीवर गेले. "अप्पा, घड्याळ बघून वेळ संपल्याची शिट्टी मारायला माणूस न्हाय. तुमच्यासारखा चोख माणूस कुठं मिळायचा?" अप्पा फुगले आणि रविवारी इस्त्रीचा सदरा घालून हजर!

शेवटची पाळी. गुण बरोबरीत, आमची एकच पोर मैदानात उरलेली. तिला वाचवायला मी रेषेबाहेर घसा फोडत होते. "डावीकडं! खांब धर!" पोर पळाली, पळाली आणि अखेर बाद झाली. वडगावच्या पोरी नाचायला लागल्या. तेवढ्यात अप्पांनी घड्याळात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आयला! वेळ मघाशीच संपलीती. मी ह्या माझ्या लेकीकडंच बघत बसलतो..."

"शिट्टी न्हाय तर वेळ न्हाय. हरलो आपण," सर म्हणाले. तोंडावर हसू मावत नव्हतं.

अप्पा रडकुंडीला आले. "माझ्यापायी हरल्या पोरी. आता हे भरून कोण काढायचं?"

"तुमची लेक. बी.पी.एड.ला धाडा की तिला."

अप्पांनी शिट्टी सरांच्या हातात ठेवली. मग एवढंच म्हणाले, "फॉर्म कुठं मिळतोय?"

आज मी कोच आहे आणि दहा वर्षं त्याच मैदानावर उभी आहे. पोरी अनवाणी खेळतात, म्हणून सर रोज सगळ्यांच्या आधी येऊन खडे वेचायचे. आजारी पडले तरी चुकलं नाही. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघाले. म्हटलं, आता हे काम माझं. जाऊन बघते तर धोतराचा सोगा खोचून कुणीतरी आधीच वाकलेलं. अप्पा! गुडघे धरलेले, सत्तरीचा माणूस.

"अप्पा, राहू दे, मी करते."

"तू शिकीव जा," ते मान वर न करता म्हणाले. "तुझं काम ते हाय."