नाजिमामावशींचं ‘उद्या’

मे महिन्यात खडकवासल्याचं पाणी मागे सरतं आणि काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्याच्या वरच्या अंगाला, आमच्या वस्तीला लागून, दिग्विजय सरांचं मुलांचं निवासी शिबिर भरतं. शुक्रवारी दुपारी पुण्याहून गाड्या येतात, मुलं उतरतात, गाड्या धुरळा उडवत परत जातात. धुरळा खाली बसला की मुलांच्या लक्षात येतं, आई गेली.

तिथून पुढचं काम नाजिमामावशींचं.

मावशी खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात होते, बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. पुढे सदाशिव पेठेतल्या एका बालवाडीत त्यांनी निम्मं आयुष्य मुलांची नाकं पुसली, आणि जिभेला पेठेची धार आली ती तिथेच. बालवाडी बंद पडल्यावर सरांनी त्यांना शिबिरावर बोलावून घेतलं. मी संध्याकाळी तिथे मुलांना गोष्टी सांगायला जातो, त्यामुळे मावशींचं काम मी जवळून पाहिलं आहे.

घरच्या आठवणीने हिरमुसलेल्या पोरावर त्यांचा एकच उपाय असे. पोर विचारायचं, “आई कधी येणार?” मावशी म्हणायच्या, “उद्या.” दुसऱ्या दिवशी पुन्हा “उद्या”. तोवर पोर पाण्यात दगड मारण्यात रमून गेलेलं असायचं. एकही मूल त्यांच्या हातून शिबिर अर्धवट सोडून गेलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो असावाच. ज्याला आपलं काम येतं त्याने मान खाली कशाला घालावी?

यंदा इरावती आली. दुसरीतली मुलगी, घराबाहेर पहिल्यांदाच राहणारी. वडील मूळचे अमरावतीकडचे, आता हिंजवडीत नोकरीला. त्यांनी लेकीला “बाय, इरा” केलं, मावशींचा रीतसर निरोप घेतला आणि गाडी वळवली.

पोरगी रडली नाही. फाटकाजवळ बॅग आडवी ठेवून तिच्यावर बसली. खेळ झाले, कलिंगड कापलं गेलं, ती जागची हलली नाही. माझ्या गोष्टीतून पोरं लघवीलासुद्धा उठत नाहीत, पण ही तर आलीच नाही.

दिग्विजय सर काळजीत पडले. “मावशी, पाणीसुद्धा घेत नाहीये ती. घरी फोन करतो, घेऊन जा म्हणतो.”

“थांबा हो. बसलीये, पळालेली नाही,” मावशी म्हणाल्या, आणि फाटकाकडे जाऊन तिच्याशेजारी मातीतच बसल्या. मीही मागून गेलो.

“कुणाची वाट बघतेस गं?”

“बाबांची.”

“बाबा तर गेले की.”

“येणारेत. मला नाही सांगितलं, पण तुम्हाला सांगितलं. मी ऐकलं. ‘बरं मावशी, येतो’ म्हणाले.” मग तिने मावशींकडे जरा रागानेच पाहिलं. “आणि तुम्ही पण म्हणालात ना, ‘या’!”

मावशी खळखळून हसल्या. “अगं माझे बाई!” आणि मधेच थांबल्या. पोरगी हसत नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती.

तिच्या घरात निघताना सगळे ‘बाय’ म्हणत. ‘येतो’ म्हणून जायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. बापाने म्हातारीचा मान म्हणून जुनी रीत पाळली आणि मावशींनी ‘या’ म्हणून त्यावर शिक्का मारला. दोघांनी मिळून पोरीला फाटकाशी बसवलं होतं.

मावशींच्या जिभेवर ‘उद्या’ आलंच होतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हटलं असतं तर पोरगी तेवढ्यापुरती उठली असती, जेवलीही असती. पण जी एका शब्दावर दुपारभर उन्हात बसली, ती ‘उद्या’ उजाडल्यावर पुन्हा इथेच येऊन बसली असती. मग तिला सांगायला मावशींकडे काय उरणार होतं? आणि खरं सांगावं, तर ती घरी जायचा हट्ट धरणार हेही दिसत होतं.

“इरा, बाबा आज येणार नाहीत,” मावशी म्हणाल्या. “उद्यापण नाहीत. रविवारी येतील.”

“पण ते म्हणाले!”

“आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, बेटा. जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचं आणि राहणाऱ्याने ‘या’.”

“मग खोटं का बोलतात?”

मावशींनी मातीत बोटाने एक रेघ ओढली, मग पुसली.

“‘जातो’ म्हणायला कुणालाच बरं वाटत नाही म्हणून,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबांनाही वाटलं नसणार.”

पोरीचं दुपारपासून थांबलेलं रडणं असं फुटलं की आवारातली कुत्री उठून उभी राहिली. सर धावत आले.

“मावशी, शांत होती ना ती! काय केलंत?”

“खरं सांगितलं.”

“अहो, मग आता?”

“आता रडेल. तुम्हाला घाई आहे का?”

मावशींनी तिला ‘रडू नको’ म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. पाण्यावरचा उजेड विझत गेला, पलीकडच्या काठाला दिवे लागले. हळूहळू हुंदके विरळ झाले, आणि तिने मावशींच्याच पदराला नाक पुसलं.

“रविवारी नक्की? का हेही नुसतं म्हणायचं?”

“नक्की. आज झोपायचं, उद्या झोपायचं. मग उठलं की बाबा. मधे आठवण येईल. आली की मला उठवायचं.”

“तुम्ही ओरडणार नाही?”

“ओरडेन. पण उठेन.”

सर खाली वाकले. “इरा, घरी जायचंय का? फोन लावू?”

मावशी पदराची माती झटकत राहिल्या. आजवर एकही मूल अर्ध्यातून न जाऊ दिलेली ती बाई, पण त्या क्षणी तिने पोरीच्या तोंडाकडेसुद्धा पाहिलं नाही, उगीच भीड पडायला नको म्हणून.

पोरीने विचार केला. चांगला सावकाश केला.

“आधी जेवते,” ती म्हणाली. “मग सांगते.”

जेवली ती. पोळी-भाजी संपवली, वर भात मागून घेतला. सर मोबाईल हातात धरून ताटासमोर उभे, आणि मावशी तिला भात वाढता वाढता त्यांना म्हणाल्या, “ठेवा तो खिशात. ती मागेल तेव्हा काढा.”