केरबातात्यांचे दात आणि सुंदरी म्हैस

केरबातात्यांना दोन आवाज आहेत. एक दातांचा, एक बिनदातांचा. मला दोन्ही काढता येतात आणि गल्लीत दोन्हींना फर्माईश असते. पण दुसरा काढला की आमची आई म्हणते, "बास गं. त्यो त्यांचा घरातला आवाज हाय."

आमचं घर आणि तात्यांचा गोठा यांत एक बुटकी भिंत. तात्या एकटे राहतात. म्हणजे तात्या आणि सुंदरी नावाची म्हैस. रोज म्हैस घेऊन कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. पूर्वी धार कमी आणि बोलणं जास्त. "काय पावणं, कुठलं? पेठ वडगावचं? का, वडगावात म्हशी आटल्या व्हय सगळ्या?" गिऱ्हाईक हसता हसता दुसरा ग्लास प्यायचं.

बनाबाई, म्हणजे त्यांची बायको, गेली आणि तात्यांनी तोंडाकडं बघणं सोडलं. जेवा म्हणणारं कुणी नाही, चूळ भरा म्हणणारं कुणी नाही. हिरड्या सुजल्या. वरचे पुढचे दात आणि डावीकडच्या दाढा एकेक करून गेल्या. सुंदरी तेव्हा एवढंसं रेडकू होती.

मग तात्यांनी तारेची कवळी बसवून घेतली. उजवीकडं उरलेल्या दातांना तार धरायची, डावीकडं धरायला काहीच नव्हतं. त्यामुळं बोलताना कवळी पाळण्यासारखी हलायची. एकदा कट्ट्यावर तात्या भरात आले, "ह्ये दूध प्यालं तर म्हातारं बी कुस्ती..." आणि कवळी थेट ग्लासात. फेसात बुडाली. ग्लास होता कृष्णातचा. हा हातकणंगल्याचा जनावरांचा व्यापारी, आवाज लाउडस्पीकरचा. "तात्या, साय मागितलीती, दात न्हाय!"

सगळा कट्टा हसला. तात्याही हसले, तोंडावर टॉवेल धरून. तो टॉवेल मग खाली आलाच नाही. धार काढायची, ग्लास द्यायचा, मान हलवायची. लोकांनी काही दिवस चिडवलं, मग तेही सोडून दिलं.

बोलायचे ते फक्त गोठ्यात, कवळी काढून ठेवून. 'स' म्हणायला गेलं की वाऱ्याची फुंकर सुटायची. "फुंदरे, खा की गं. रुफलीफ काय? आज कट्ट्यावर कोण आलंतं ठावं हाय?" दिवसभराचं साठलेलं सगळं तिच्या कानात. ती कडबा चावत ऐकायची. मधेच तात्या गप्प झाले, तर मान वळवून बघायची.

मुलगा सम्राट पुण्याला. पुण्याला गेल्यापासून तो 'करू' म्हणत नाही, 'करूयात' म्हणतो. "बाबा, आपण इम्प्लांट करूयात." राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टर आफशीन मॅडमकडं त्यानं नाव घातलं आणि तात्यांबरोबर गेली आमची आई. मॅडमचा आवाज इस्त्री केलेला. "काका, सगळे दात रोवायची गरज नाही हं. हाडात दोनच स्क्रू बसवू. हाडानं ते घट्ट धरले की वर बटणं लावू. कवळी त्यांवर दाबायची, पाहिजे तेव्हा काढायची."

तात्या टॉवेलाआडून म्हणाले, "म्हंजे डाव्या अंगाला खुंटा न्हवता, त्यो तुमी मारनार."

"अगदी बरोबर."

"मग म्हस कुठं जात न्हाय."

हाड धरेपर्यंत पावसाळा गेला. मग कवळी बसली. टक्! तात्यांनी खुर्चीतच 'साखर, सुपारी, सम्राट' म्हणून बघितलं आणि टॉवेल आईच्या पिशवीत टाकला.

कट्ट्यावर पुन्हा "काय पावणं" सुरू झालं. पण घराच्या उंबऱ्यावर आले की टक्, आणि दात डबीत. आई म्हणायची, "घरात बी घाला की. सवय हुईल."

"घरात कुणाला दाखवू गं?"

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या बांधायच्या. मालक सायलेन्सर काढलेल्या गाडीवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागं. दोर नाही, काठी नाही. तात्यांनी सुंदरीला कधी उतरवलंच नव्हतं. चारचौघांत हाक मारायची लाज. यंदा कृष्णात कट्ट्यावर म्हणाला, "आता कशाला वडाताण, तात्या? पोरगं बोलवतंय, पुण्याला जावा. म्हस मला द्या." तात्यांना नव्या दातांचा जोर आलेला. "पाडव्याला माझ्या हाकंवर आली न्हाय, तर तितंच तुझ्या टेम्पोत घालतो. शबुद हाय!"

पाडव्याला पंचगंगेच्या घाटाजवळ ही गर्दी. तात्या फेटा बांधून त्यांच्या जुन्या एम-एटी गाडीवर. मागं सुंदरी, शिंगांना मोरपिसं. कडेला कृष्णातचा टेम्पो, फळी उघडी. गाडी फडफडली. तात्यांनी मान वळवून खणखणीत हाक दिली, "सुंदरेऽऽ! ये, ये, ये!"

काय आवाज होता! पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुंदरीनं कान हलवला आणि शेजारच्या म्हशीच्या गळ्यातला झेंडू खायला लागली.

"सुंदरेऽऽ!"

तिनं तात्यांकडं बघितलं. कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं.

"तात्या, ती म्हणती नवरा बदललाय!" गर्दीतनं कोणीतरी. कृष्णात दोर घेऊन पुढं आला. "घालू काय?"

तात्यांनी गाडी बंद केली. कितीतरी वेळ त्या म्हशीकडं बघत राहिले. मग हात तोंडाशी नेला. टक्! दात सदऱ्याच्या खिशात. गाल आत गेले, ओठ दुमडला. ज्या तोंडावर इतके दिवस टॉवेल होता, ते तोंड तसंच सगळ्या कोल्हापुरासमोर उघडं.

"फुंदरेऽऽ..."

हाक मोठीसुद्धा नव्हती. सुंदरीनं झेंडू टाकला. गाडी सुरू व्हायच्या आत ती येऊन धडकली आणि एम-एटीचा मागचा दिवा फुटला. मग जे पळाली! तात्या पुढं, फेटा सुटलेला, "फुंदरे, फुंदरे" ओरडत, मागं ती. कृष्णातनं फळी लावली.

दुपारी सम्राटचा फोन आला. तात्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर, त्यामुळं आम्हालाही.

"बाबा, घाटावर पोरांनी काढलेला व्हिडिओ पाहिला. दात कुठे आहेत?"

"खिफात."

"काय?"

टक्. "खिशात होतं. आता तोंडात हायत. बोल."

"मग पुण्याला कधी येताय?"

भिंतीवरून मला दिसत होतं. दातांचा आवाज गोठ्यात पहिल्यांदाच आला होता. सुंदरी चावायची थांबली आणि दाराकडं बघायला लागली, कोण आलंय म्हणून.

"न्हाय येत रं," तात्या म्हणाले. "हितं एकजन तरी वळकती मला. तितं लिफ्टवाल्याला बी सांगायला लागंल, मी कोन त्ये."

सम्राट म्हणाला, "बरं. जेवलात का?"

"जेवलो."

आईनं दिलेला डबा भिंतीवर तसाच होता. तात्यांनी फोन ठेवला. टक्.

"फुंदरे, जेवायचं काय गं?"

सुंदरी पुन्हा चावायला लागली.